खेकड्याची जागा

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. समुद्रापासून शेंसव्वाशें मैल दूर असलेल्या कोल्हार गांवच्या एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें खाडींतले खेकडे कोठें सांपडतात हें सांगावें, म्हणजे उंटानें होडीच्या गोष्टी सांगण्यासारखेंच झालें. परंतु खेकडा कांहीं केवळ समुद्रकांठच्या लोकांनीं मिरासीनें घेतलेला नाहीं. तो नदीला आहे, ओढ्याला आहे, सह्याद्रीच्या कड्यांतल्या झऱ्यालाही आहे. माझी त्याची ओळख प्रवरेच्या कांठीं झाली, आणि खाडींतल्या त्याच्या भाऊबंदांची भेट मला साठी उलटल्यावर घडली. ह्या दोन ओळखींच्या मध्यें जें अंतर पडलें त्यांतच मला सांगावयाचें आहे तें आलें.

नगर-मनमाड रस्ता जेथें प्रवरा ओलांडतो तें आमचें कोल्हार. भगवतीमातेच्या देवळामुळें पुष्कळांच्या परिचयाचें. प्रवरा रतनगडाच्या कुशींत उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणांत विसावते, अकोलें-संगमनेरावरून आमच्याकडे येते आणि पुढें प्रवरासंगमास गोदावरीला मिळते. भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनीं आमचा मुलूख उंसाचा केला. त्यामुळें आमच्या नदीचें पाणी पावसापेक्षां पाटबंधाऱ्याच्या आवर्तनावर अधिक अवलंबून असतें. तरीही माझ्या लहानपणीं, म्हणजे 1970 च्या सुमारास, पात्रांत वाळूचे लांबच लांब पट्टे होते, काळ्या मातीच्या दरडी होत्या, आणि त्या दरडींतून खेकड्यांचीं बिळें होतीं.

आमच्या घरांत माळ होती. खेकडा उंबऱ्याच्या आंत येणें शक्यच नव्हतें. पकडण्याची हौस मला आणि खाण्याची शेजाऱ्यांना, अशी कामाची वांटणी होती. शेजारच्या काकू खोकल्यावर खेकड्याचा झणझणीत रस्सा हा रामबाण उतारा समजत, व त्यांच्या घरीं पावसाळ्यांत कोणी ना कोणी खोकत असेच!

पुलाजवळ एका दुकानांत ट्रकच्या टायरांना ठिगळें लावीत. तेथली एक जुनी ट्यूब आम्हीं तिघां मित्रांनीं गोड बोलून मिळवली, ती फुगवून तिच्यावर बाभळीची फळी बांधली आणि हातांनींच पाणी मारीत दरडीच्या कडेकडेनें हिंडूं लागलों. कांठावरून जीं बिळें दिसत नसत तीं पाण्यावरून सहज दिसत, कारण खेकडा आपलें दार पाण्याच्या रेषेशीं, दरडीच्या पोटाखालीं ठेवतो. बिळाच्या तोंडाशीं ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या असल्या म्हणजे धनी घरांत आहे. कोळ्याचें जाळें असलें तर घर रिकामें. आणि तोंड घासून गुळगुळीत झालेलें दिसलें तर हात घालूं नये, तेथें पाणसाप असावयाचा. हें शास्त्र आम्हांला कोणीं शिकवलें नव्हतें. बोटांना बसलेल्या नांग्यांनीं आणि एकदां एका दिवडानें तें शिकवलें.

घाटाच्या खालच्या अंगाला एक जुना उंबर नदीवर झुकला होता. त्याच्या मुळ्यांच्या जाळ्यांत इतके खेकडे असत कीं दुसरीकडे जाण्याचें कारणच पडूं नये. एका श्रावणांत आम्हीं ती जागा पुरी उपसली. शेवटच्या दिवशीं बादलींत एक मोठी मादी टाकली, आणि तिच्या पोटाच्या झांपेखालून मसुरीच्या डाळीएवढीं बारीक खेकडपोरें भराभर पाण्यांत सुटलीं. शंभर-दीडशें तरी असतील. आई धुणें धूत होती. ती म्हणाली, "अरे, लेकुरवाळी आहे ती. ठेव नेऊन जेथली तेथें." मीं हो म्हटलें, आणि ठेवली नाहीं. बादली काकूंकडे गेली.

दुसऱ्या वर्षीं उंबराखालीं एकही खेकडा नव्हता. तिसऱ्या वर्षीं नव्हता. मॅट्रिक होऊन मी गांव सोडीपर्यंत त्या जागेवर पुन्हा खेकडा आलेला मीं पाहिला नाहीं. तेव्हां वाटे, खेकडे आमच्यावर रुसले आहेत. पुढें शाळेंत शास्त्राचा विषय शिकवतांना कारण समजलें. नदीच्या खेकड्याची मादी थोडीं परंतु मोठीं अंडीं घालते. पिलें अंड्यांतच वाढतात, खेकड्याचें पुरें रूप घेऊन बाहेर पडतात, आणि कांहीं दिवस आईच्या पोटाशींच राहतात. मग तीं जवळपासच घर करतात. ह्या जातींचा फैलाव त्यामुळें फार सावकाश होतो. एक जागा निखालस उपसली तर ती भरून काढावयास दुरून कोणी धांवत येत नाहीं.

एवढें माझ्या पदरीं होतें, आणि त्याच शिदोरीवर मी कोंकणांत गेलों.

माझी मुलगी मालवण तालुक्यांत दिली आहे. 'दिली' हा शब्द तोंडांत बसला आहे म्हणून म्हणतों. खरें तर लग्न तिनें स्वतः ठरवलें, आणि तें आमच्या विचारानें झालें नसल्यामुळें पहिलीं दोन वर्षें मी तिकडे पाऊल टाकलें नाहीं. 2018 सालीं तिला मुलगी झाली, तेव्हां नातीचें तोंड पाहण्याच्या निमित्तानें गेलों. जांवई देवबागेस पर्यटकांना नौकाविहार घडवून आणण्याचा धंदा करतात. व्याही जुने मासेमार, माझ्याहून चार-पांच वर्षांनीं वडील. मी त्यांना तात्या म्हणतों, ते मला मास्तर म्हणतात. पहिले दोन दिवस आम्हां तिघांत हवापाण्याखेरीज बोलणें झालें नाहीं.

देवबाग ही मोठी मौजेची जागा आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मध्यें माडांची एक चिंचोळी पट्टी. खाडीच्या आंतल्या अंगास कांदळ आणि चिपी ह्या झाडांचें दाट वन आहे. घाटावर आम्ही ज्याला खेकडा म्हणतों त्याला मुंबईकडे चिंबोरी आणि मालवणाकडे कुर्ली म्हणतात. मुंबईच्या कुर्ल्याचें नांव ह्या कुर्लीवरूनच पडलें असें म्हणतात. कांदळवनांतली कुर्ली काळसर हिरवी, जाड कवचाची आणि अत्यंत बळकट नांग्यांची असते. समुद्रांत पोहणारे, पाठीवर तीन लाल ठिपके असलेले किंवा निळसर रंगाचे खेकडे निराळे. त्यांचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. मागचे पाय तसे कुर्लीचेही आहेत, पण ती चिखल सोडून फारशी हिंडत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं जांवयांनीं भीत भीत विचारलें, "बाबा, कयाकमधून खाडींत येतां का?" कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची शिकारीची नाव. त्यांची लांकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर कातडें ताणून केलेली असे, जांवयांची प्लॅस्टिकची आहे. माणूस तिच्यांत जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो आणि दोन्ही टोंकांस पातें असलेल्या एकाच वल्ह्यानें ती हांकतो. वीतभर पाणी तिला पुरतें. ती पाहतांच मला पुलाजवळची ट्यूब आठवली, आणि मी होकार देऊन बसलों.

तात्या आपल्या लहान होडींतून पुढें निघाले. त्यांच्या होडींत कड्याचीं दहा जाळीं होतीं. लोखंडी कडें, त्याला उथळ पिशवीसारखें जाळें, मध्यें बांधलेलें माशाचें डोकें, आणि वर दोरीला तरंगता ठोकळा, एवढीच त्याची रचना. जाळें तळाशीं पसरून बसतें. कुर्ली आमिषावर आली कीं दोरी एका दमांत वर ओढावयाची. हात मध्येंच अडखळला तर ती कड्यावरून उतरून जाते.

मी आपला नदीच्या संवयीनें कांठाच्या चिखलांत बिळें शोधूं लागलों. तात्यांनीं थोडा वेळ पाहिलें, मग म्हणाले, "मास्तरांनू, कुर्लेक सोदूं नकात. पाण्याक इचारा."

पुढच्या दोन तासांत त्यांनीं मला जें शिकवलें तें माझ्या शब्दांत सांगतों. नदींत खेकड्याची जागा एक असते. खाडींत तीच जागा सहा तासांनीं जागा राहत नाहीं. भरती चढूं लागली म्हणजे कुर्ल्या चरण्यासाठीं पाण्याबरोबर कांदळवनांत शिरतात. त्या वेळीं जाळें टाकावें तें झाडांच्या कडेला, बारीक ओहळांच्या तोंडाशीं. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, कीं त्या पाण्याबरोबर परततात. तेव्हां तेच ओहळ जेथें मोठ्या पात्राला मिळतात, तेथल्या खळग्यांत जाळीं हवींत. आमिषाचा वास पाण्याबरोबर वाहतो. म्हणून जाळें कुर्लीच्या बाजूस टाकून उपयोग नाहीं. पाणी जिकडून येतें तिकडे टाकावें, म्हणजे वास तिच्यापर्यंत जातो आणि ती वासाच्या दोरीनें जाळ्यापर्यंत येते. स्वच्छ पांढऱ्या वाळूचा तळ व्यर्थ. निव्वळ पातळ चिखलही व्यर्थ. चिखलांत मुळ्या, बुडालेलीं खोडें, कालवांचे दगड असा कांहीं आडोसा असावा. पावसाळ्यांत वरून गोड्या पाण्याचा लोंढा आला कीं कुर्ल्या मुखाकडे सरकतात, उन्हाळ्यांत खारें पाणी जसें आंत चढतें तशा त्याही वर येतात. म्हणजे मार्चांतली चांगली जागा आगस्टांत सांगणारा मनुष्य एक तर परका आहे किंवा लबाड.

दिवस कोणता निवडावा ह्यालाही हिशेब आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्यचंद्रांचें ओढणें एका रेषेंत येतें आणि पाणी जोरानें चढतें-उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या आसपास तें मंद असतें, तो भांग. ऐन उधाणांत प्रवाह जाळीं फरपटत नेतो, ऐन भांगांत वास पसरत नाहीं. तात्यांना मधले दिवस पसंत. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत त्यांनीं सांगितली ती माझ्यांतल्या गणिताच्या मास्तराला फार आवडली. तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितके वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें मागें पडतो, त्याचें हें ढोबळ सूत्र. मुंबईस भरती ह्याहून थोडी उशिरां येते, मालवणाकडे थोडी आधीं, आणि खाडींत जितकें आंत जावें तितका आणखी उशीर होतो. पण खिशांत पंचांग असलेल्या माणसाला एवढें पुष्कळ आहे.

आमचा दिवस द्वादशीचा होता. अकराच्या सुमारास आम्ही निघालों तेव्हां पाणी दोन तास उतरत होतें. कयाकचा गुण येथें दिसला. तात्यांची होडी मोठ्या पात्रांतच थांबली. आम्ही दोघे कांदळाच्या फांद्या चुकवीत अशा एका ओहळांत शिरलों कीं दोन्हीं हातांनीं दोन्हीं कांठ शिवावे. तेथें तळाला मुळ्या होत्या, खळगा होता, आणि पहिल्याच ओढीला दोन कुर्ल्या वर आल्या. जांवयांनीं त्या मागच्या पायांच्या बेचक्याशीं धरून सुंभानें नांग्या बांधल्या. कवच बोटानें दाबून पाहिलें. दबलें तर कुर्लीनें नुकतीच कात टाकलेली असते आणि आंत मांसापेक्षां पाणी अधिक. एक अशी निघाली, ती सोडली. तिसऱ्या ओढीला एक, चौथ्याला पुन्हा दोन.

तात्यांनीं आधींच बजावलें होतें, एक वाजतां बाहेर पडा. एक वाजला तेव्हां जांवई म्हणाले, "बाबा, निघूंया." मीं म्हटलें, "आणखी एकदां." चांगली जागा सोडवत नाहीं, हा माझा जुना रोग. शेवटचें जाळें वर आलें आणि कयाक हलेना. ओहळाच्या तोंडाशीं चिखलाचा उंबरठा उघडा पडला होता. मी उतरून ढकलावयास निघालों, तों मांडीपर्यंत गेलों. जांवयांनीं बगलेंत हात घालून मला कसेंबसें वर ओढलें. माझी एक चप्पल अजून तेथें आहे. लांबून तात्यांची आरोळी आली, "उतरूं नकात! बसून ऱ्हवा!"

सव्वा वाजल्यापासून सव्वाचार वाजेपर्यंत आम्ही सासरा-जांवई त्या चिखलांत, एका नावेंत, एकमेकांच्या पुढेंमागें बसलों होतों. वर ऊन, खालीं डांस, आणि पळून जाण्यास जागा नाहीं. पहिला अर्धा तास कोणी बोललें नाहीं. मग मीं, कांहीं तरी बोलावें म्हणून, प्रवरेची गोष्ट काढली. ट्यूब सांगितली, उंबर सांगितला, बादली सांगितली. आईचें ऐकलें नाहीं हेंही सांगितलें. तें मीं तोंवर घरांतसुद्धां कोणास सांगितलें नव्हतें.

त्यांनीं ऐकून घेतलें. मग पायाशीं बांधलेल्या कुर्ल्यांतून एक उचलून उलटी केली. तिची पोटाची झांप रुंद, अर्धगोल होती. नराची निमुळती असते. झांपेखालीं नारिंगी अंड्यांचा घोस होता. घाईंत बांधतांना तो दोघांच्याही नजरेंतून सुटला होता. ते म्हणाले, "हिला सोडायची. ही आतां समुद्राकडे चालली होती." त्यांनीं सुंभ कापला आणि तिला चिखलावर ठेवलें. ती थोडा वेळ तशीच राहिली, मग ओहळांतल्या उरल्यासुरल्या पाण्याच्या धारेबरोबर पात्राकडे निघून गेली.

ह्या मादीचा संसार नदीच्या खेकड्याच्या अगदीं उलट आहे. ती दहा लाखांहूनही अधिक अंडीं वाहते आणि पिलें सोडण्यासाठीं खाडींतून समुद्रांत जाते. तीं पिलें खेकड्यासारखीं दिसतही नाहींत. तीं बिंदूएवढीं असतात, लाटांबरोबर तरंगतात, पुनःपुन्हां कात टाकून रूप बदलतात, आणि तीन-चार आठवड्यांनीं खेकडा होण्याच्या बेतांत आलेलीं किनाऱ्याकडे वळतात. बहुतेक सारीं माशांच्या पोटांत जातात. जीं वांचतात तीं कोणत्या खाडींत शिरतील ह्याचा नेम नाहीं. आईनें जी खाडी सोडली तींतच येतील असें नाहीं. जांवई म्हणाले, "आमची जागा आम्हांला दुसऱ्याच्या खाडींतून भरून मिळते, बाबा. म्हणून आमच्यांतली अंड्यांची मादी कोणाची तरी असते." हें वाक्य त्यांचें आहे. मीं तीस-पस्तीस वर्षें शास्त्र शिकवलें, पण मला तें असें कधीं सुचलें नाहीं.

पण खाडी आपोआप भरते म्हणून कितीही उपसावी असें तात्याही मानीत नाहींत. कांदळवन तुटलें तर आलेल्या पिलांना उतरावयास घर नाहीं. महाराष्ट्र शासनानें 2012 सालीं कांदळवनांसाठीं वनखात्यांत निराळा कक्ष काढला, आणि 2017 पासून किनाऱ्यावरच्या गांवकऱ्यांना कांदळवन राखून त्यांतच खेकडे पाळण्यासाठीं साहाय्याची योजना चालवली. खेकडेपालनांत बहुधा लहान खेकडे खाडींतून धरूनच आणतात, म्हणजे मूळ भांडवल पुन्हा खाडीचेंच. योजना चांगली आहे, पण तात्या तिच्याविषयीं बोलतांना हा मुद्दा सोडीत नाहींत, आणि तो मला रास्त वाटतो.

सव्वाचारला पाणी ओहळांत परत आलें. आधीं एक बारीक, फेसाळ रेघ आली, मग कयाक आपसूक हलली. तात्या होडींत वाट पाहत होते. त्यांनीं आमच्या तोंडांकडे पाहिलें, मग कुर्ल्या मोजल्या. रात्रीं घरांत वाटप लावलेलें कुर्ल्यांचें कालवण शिजलें. माझ्या पानांत मुलीनें न सांगतां सोलकढी, भात आणि वालाची उसळ वाढली. माळ माझ्याही गळ्यांत आहे. पकडण्याची हौस मला आणि खाण्याची इतरांना, ही वांटणी तिला ठाऊक होती.

आपणांपैकीं कोणास किनाऱ्यावर गेल्यावर असा योग आला तर दोनच गोष्टी सांगतों, कारण त्या मी चिखलांत बसून शिकलों आहें. तेथल्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय आणि तरंगण्याचें जाकीट अंगांत घातल्याशिवाय खाडींत जाऊं नये. परतण्याची वेळ आधीं ठरवावी, आणि पाणी कितीही दिसत असलें तरी ती पाळावी. पावसाळ्यांत तर जाऊंच नये.

आमच्या प्रवरेचें काय, असें आपण विचाराल. वाळूचे पट्टे गेले. ते कसे गेले हें नदीकांठच्या कोणत्याही गांवाला विचारावें. दरडी ढांसळल्या, आणि तो उंबर एका पुरांत उन्मळून पडला. 2023 च्या भाद्रपदांत नात सुटींत आली होती. पांच वर्षांची झाली होती, पाणी पाहिलें कीं तिला उतरावेंसें वाटे. तिला घेऊन मी नदीच्या कडेनें बरेंच अंतर चालत गेलों. एके ठिकाणीं बाभळीच्या मुळाशीं, अगदीं पाण्याच्या रेषेवर, एक बीळ दिसलें. तोंडाशीं ओल्या मातीच्या चार गोळ्या होत्या, ताज्या. ती म्हणाली, "आजोबा, हात घाला ना." मीं घातला नाहीं. आम्ही दोघें बराच वेळ उंकिडवीं बसून पाहत राहिलों. एक काळी नांगी किंचित् बाहेर आली आणि आंत गेली.

ती जागा कोठें आहे हें मीं गांवांत कोणास सांगितलेलें नाहीं, आणि श्रोतेहो, आपलीही क्षमा मागतों, ह्या ध्वनिक्षेपकापुढेंही सांगणार नाहीं.